खिडकी बदलण्याच्या धंद्यात नफा कुठे ठरतो? माप, ढाळ आणि कोटेशन



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण जुन्या फ्लॅटची खिडकी काढून नवी बसवताना पाहिली. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये आकडेमोड आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दुकान टाकून तिसरं वर्ष होतं. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या पाच लाकडी खिडक्या काढून आम्ही ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या. फेब्रुवारीत काम झालं, पैसे वेळेवर मिळाले, काकूंनी चहा पाजला. सगळं छान. मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि रात्री साडेनऊला फोन आला, "अहो, तुमच्या खिडकीतून पाणी येतंय. गादी भिजली, भिंत भिजली. आत्ता या."

खिडकी पश्चिमेची होती. आम्ही गेलो, बाहेरून सिलिकॉन मारलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा सिलिकॉन. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी मी एका जुन्या गवंडी मामांना सोबत नेलं. त्यांनी सिलिकॉनकडे बघितलंसुद्धा नाही. मगभर पाणी घेतलं आणि खिडकीखालच्या कडप्प्यावर ओतलं. पाणी बाहेर जायच्या ऐवजी घराकडे वळलं. मामा म्हणाले, "ढाळच आत आहे. तू वरून कितीही चिकटव." शिवाय खालच्या ट्रॅकमधून पाणी बाहेर जाण्यासाठी जी छिद्रं असतात, ती आमच्याच मुलाने सफाईदारपणे सिलिकॉनने बुजवली होती.

खिडकी काढावी लागली. कडप्पा उचलून नव्या ढाळात बसवला, आतली भिंत रंगवून दिली. त्या एका खिडकीने पाचही खिडक्यांचा नफा खाल्ला. त्याच बिल्डिंगमधल्या आणखी दोन घरांनी चौकशी केली होती, त्यांचे फोन नंतर आलेच नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो: खिडकीच्या धंद्यातला नफा माप घेण्याच्या दिवशी ठरतो आणि पहिल्या पावसात तपासला जातो. कटिंग, जोडणी, फिटिंग या गोष्टी त्या दोन दिवसांच्या मध्ये येतात. आजचा सगळा धडा याच एका वाक्याचा आहे.

## १. पहिल्या भेटीत भाव सांगू नका, प्रश्न विचारा

ग्राहक दारातच विचारतो, "स्क्वेअर फुटाला काय रेट?" नवीन मुलगा घाबरून आकडा बोलून टाकतो आणि तिथेच अडकतो. त्याऐवजी हे पाच प्रश्न विचारा.

खिडकी का बदलायची आहे? वाळवी लागली, लोखंड गंजलं, पाणी येतं, आवाज येतो, डास येतात की फक्त जुनी दिसते? प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं आहे. आवाजाचा त्रास असलेल्या माणसाला तुम्ही फक्त चकचकीत स्लायडिंग दिलीत, तर तो महिन्याभरात नाराज होणार.

खिडकी कोणत्या दिशेला आहे? आपल्याकडे मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. त्यामुळे कोकणपट्टी, मुंबई, ठाणे या भागात पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर पाऊस सरळ आपटतो. वर छज्जा आहे का, तो किती बाहेर आहे, तेही बघा.

ग्रिल आहे का, आणि कुठे आहे? खिडकीला लागून बाहेर ग्रिल असेल तर बाहेर उघडणारी झडप चालणारच नाही. आत उघडणारी दिली तर पडदा आणि पलंग मध्ये येतो.

घरात लहान मुलं, वयस्कर माणसं आहेत का? काच कोणती आणि हँडल किती उंचीवर, हे यावर ठरतं.

सोसायटीचं काय म्हणणं आहे? बऱ्याच सोसायट्या बाहेरून सगळ्या खिडक्यांचा रंग आणि रचना एकसारखी ठेवायला सांगतात. ना-हरकत पत्र, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा, लिफ्ट वापरायची की नाही, हे ग्राहकाने सोसायटीकडून लेखी आणायचं. काम अर्ध्यावर थांबलं तर मजुरी तुमच्या खिशातून जाते, लक्षात ठेवा.

## २. खिडकीचा प्रकार: कोणाला काय द्यायचं?

स्लायडिंग. आपल्याकडची सगळ्यात चालणारी. जागा अडवत नाही, ग्रिल असलं तरी चालते. दोन ट्रॅकची खिडकी उघडली की अर्धीच जागा मोकळी होते, कारण एक झडप दुसरीच्या मागे जाते. डासांची जाळी हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा ट्रॅक लागतो. म्हणून लोक थ्री ट्रॅक किंवा अडीच ट्रॅक मागतात.

बिजागरीची झडप. पूर्ण उघडते, बंद केली की गॅसकेटवर घट्ट दाबून बसते. आवाज आणि पाणी अडवायला स्लायडिंगपेक्षा चांगली. अट एकच, उघडायला जागा हवी.

वर सरकणारी खिडकी. इंग्रजीत हिला सिंगल हंग म्हणतात. हल्ली ग्राहक मोबाईलवर व्हिडिओ दाखवून "अशी देता का?" विचारतात. अमेरिकेतल्या घरांमध्ये ही सर्रास असते, तिकडे राहणाऱ्या मुलाकडे जाऊन आलेले आई-वडीलही विचारतात. समजावताना मी रेल्वेच्या साध्या डब्यातली वर ढकलायची खिडकी आठवायला सांगतो. सिंगल हंगमध्ये वरचा भाग कायम बंद असतो आणि खालचा भाग वर सरकतो. दोन्ही भाग सरकत असतील तर ती डबल हंग.

ही खिडकी अरुंद आणि उंच जागेला छान बसते, आत-बाहेर कुठे येत नाही, ग्रिललाही आडवी येत नाही. पण तीन गोष्टी ग्राहकाला आधीच सांगा. एक, उघडते अर्धीच. दोन, वरची काच बंद असल्याने तिची बाहेरची बाजू घरातून पुसता येत नाही. चौथ्या मजल्यावर हा मोठा प्रश्न आहे. तीन, झडपेचं वजन स्प्रिंगच्या बॅलन्सवर तोललेलं असतं. ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच झडपेत ५ मिमी काच असेल तर नुसती काचच साधारण पावणेनऊ किलोची होते. बॅलन्स बिघडला की ती झडप एकदम खाली येते, आणि खाली बोटं असू शकतात. त्यामुळे बॅलन्सचा सुटा भाग तुमच्या शहरात मिळतो याची खात्री असेल तरच ऑर्डर घ्या. जी वस्तू तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, ती विकू नका.

आपल्या घरातली खिडकीची जागा बहुतेक वेळा रुंद असते. तिथे स्लायडिंगच सोयीची. बाथरूम, जिन्याची बाजू, दोन कपाटांमधली उंच फट अशा जागी वर सरकणारीचा विचार करा.

## ३. जुनी चौकट ठेवायची की काढायची?

इथे कोटेशन दुप्पट चुकू शकतं. दोन रस्ते आहेत.

जुनी चौकट ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवली तर तोडफोड नाही, प्लास्टर नाही, एका दिवसात काम. पण काचेची जागा चारही बाजूंनी कमी होते, आणि जुन्या चौकटीचे सगळे रोग आतच राहतात.

चौकटीसकट काढली तर गवंडी लागतो, धूळ होते, प्लास्टर आणि रंग लागतो. पण भिंत आणि ढाळ दुरुस्त करता येतो.

ठरवायचं कसं? लाकडी चौकट असेल तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हर टोचा. टोक सहज आत गेलं किंवा भुसा पडला तर चौकट काढायचीच. लोखंडी असेल तर खालची पट्टी बघा. गंजाने फुगून प्लास्टरला तडा गेला असेल तर तीही काढायची. ग्राहक "राहू द्या, खर्च वाचेल" म्हणाला तरी वाळवी लागलेल्या चौकटीत खिडकी बसवू नका. दोन वर्षांनी नाव तुमचंच खराब होतं.

जुनी लोखंडी किंवा लाकडी चौकट भिंतीत होल्डफास्टने पकडलेली असते. ती काढताना किती प्लास्टर पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्लास्टरचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहा, फुटाच्या भावात दडपू नका.

## ४. ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी?

दोन्ही चांगले आहेत, दोन्हीत फसवणूकही आहे.

ॲल्युमिनियम मजबूत, बारीक दिसणारं आणि कुठेही कापून जोडता येणारं. सेक्शन किलोच्या भावाने येतो, म्हणून तो किती जाड आहे यावर किंमत ठरते. दोन दुकानांच्या भावात मोठा फरक दिसला तर आधी जाडी मोजा. पावडर कोटिंग किंवा ॲनोडाइझिंग नीट झालेलं हवं. समुद्राजवळ खाऱ्या हवेत तर स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचेच वापरा, नाहीतर खिडकी टिकेल आणि स्क्रू गळून पडतील.

यूपीव्हीसीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यातून पाणी शिरत नाही. ते उष्णता कमी वाहून नेतं आणि गंजत नाही. पण ते स्वतः लवचिक असतं, म्हणून आत जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी घालतात. स्वस्त खिडकीत नेमकी हीच पट्टी गायब असते. मोठी झडप काही महिन्यांत वाकते आणि घासायला लागते. खरेदी करताना आत चुंबक लावून बघा. आतलं लोखंड ते ओढतं.

नवीन धंदा करणाऱ्यांसाठी एक सूचना. यूपीव्हीसीला कटिंग आणि वेल्डिंगची मशीन लागते. पहिल्या दिवशी ती घेऊ नका. माप आणि फिटिंग तुमचं, बनवण्याचं काम फॅब्रिकेटरकडे द्या. सुरुवातीला टेप, पाणसळ, ओळंबा, ड्रिल, रबरी हातोडा, सिलिकॉन गन आणि काच उचलायचे व्हॅक्यूम कप एवढ्यावर धंदा उभा राहतो. ऑर्डर नियमित यायला लागल्या की मशीनचा विचार करा.

## ५. काच: जिथे चूक परत घेता येत नाही

साधी काच चुकली तर कापता येते. टफन काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. कापायला गेलात तर पूर्ण काच बारीक तुकड्यांत फुटते. म्हणून टफनची ऑर्डर म्हणजे मापावर केलेली सही समजा.

टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, फुटली तर बोथट तुकडे होतात. जमिनीपर्यंत येणारी खिडकी, बाथरूम, मुलांची खोली इथे ती सुचवा. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पातळ थर असतो. ती फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, आवाजालाही मदत होते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी असलेली काच एसीच्या खोलीला चांगली, पण वजन दुप्पट होतं, बेअरिंग त्याच ताकदीचे लागतात. सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. काचवाल्याकडे त्याची खूण बघायची सवय लावा.

आवाजासाठी काच बदलायच्या आधी फटी बघा. रस्त्याचा आवाज फटीतून येतो. महागडी काच आणि ढिला ब्रश म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात.

काचेचं वजन काढायचं सोपं सूत्र: १ मिमी जाडीच्या १ चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. ५ मिमी असेल तर साडेबारा किलो. जिन्यावरून काच नेण्यासाठी किती माणसं लागतील ते यावरून कळतं.

## ६. माप: तीन, तीन आणि दोन

आता मुख्य भाग. प्रत्येक खिडकीची आठ मापं घ्यायची.

रुंदीची तीन: वर, मध्ये, खाली.
उंचीची तीन: डावीकडे, मध्ये, उजवीकडे.
कर्णाची दोन: कोपऱ्यातून कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी.

भिंत कधीच सरळ नसते. समजा रुंदी वर ५९ इंच ६ सूत, मध्ये ५९ इंच ४ सूत आणि खाली ६० इंच आली. घ्यायचं सगळ्यात लहान: ५९ इंच ४ सूत. त्यातून दोन्ही बाजूंची मिळून ३ सूत मोकळीक वजा करा. चौकटीची रुंदी ५९ इंच १ सूत. उंचीचंही तसंच. नवीन मुलांसाठी सांगतो, १ इंचाचे ८ सूत.

दोन कर्णांमध्ये २ सुतांपेक्षा जास्त फरक आला तर जागा काटकोनात नाही. तिथे आणखी मोकळीक सोडा किंवा गवंड्याकडून कड सरळ करून घ्या. मग खालच्या कडप्प्यावर पाणसळ ठेवा आणि बाजूला ओळंबा धरा.

तीन सवयी लावून घ्या.

पहिली, नेहमी आधी रुंदी, मग उंची लिहा. ४ × ५ आणि ५ × ४ चं क्षेत्रफळ सारखंच, बिलही सारखंच येतं, पण खिडकी बसत नाही.

दुसरी, एकक लिहा. तुमची वही इंच-सुताची आणि यूपीव्हीसीचा कारखाना मिलिमीटरचा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. वरचं ५९ इंच १ सूत म्हणजे साधारण १५०२ मिमी. हे रूपांतर फोनवर बोलताना तोंडी करू नका.

तिसरी, चौकटीसकट काढायची असेल तर दोनदा माप घ्या. पहिलं कोटेशनसाठी, दुसरं जुनी चौकट निघाल्यावर. जुन्या चौकटीमागे भिंत कशी आहे ते आधी दिसत नाही. काचेची ऑर्डर दुसऱ्या मापावरच. मधल्या दिवसांत ग्राहकाची खिडकी उघडी राहणार, म्हणून प्लायवूड आणि ताडपत्रीची सोय तुमची. ग्रिल नसलेली उघडी जागा रात्रभर तशी सोडायची नाही, घरात मूल असेल तर अजिबात नाही.

## ७. पाणी: मगभर पाण्याची परीक्षा

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते थांबवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. म्हणून ट्रॅकची आतली कड उंच असते आणि बाहेरच्या बाजूला निचऱ्याची छिद्रं असतात. ती बुजवली की ट्रॅकची बादली होते आणि पाणी आत सांडतं. माझ्या डोंबिवलीच्या कामात हेच झालं होतं.

म्हणून:

माप घ्यायला गेलात की त्याच दिवशी कडप्प्यावर मगभर पाणी ओता. पाणी आत आलं तर ढाळ दुरुस्तीचा खर्च कोटेशनमध्ये टाका. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ओता, मग तो खर्चाला नाही म्हणत नाही.

कडप्पा भिंतीच्या बाहेर थोडा आलेला हवा आणि त्याच्या खालच्या बाजूला खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता तिथून ठिबकतं.

सिलिकॉन मारण्याआधी जागा कोरडी आणि धूळमुक्त करा. ओल्या किंवा धुळीच्या भिंतीला सिलिकॉन धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंट आणि धातूवर वापरू नका, न्यूट्रल घ्या. मोठी फट असेल तर आत फोम भरा, पण तो उघडा ठेवू नका, उन्हाने त्याचा भुगा होतो.

बसवून झाल्यावर ट्रॅकमध्ये पाणी ओता. सगळं पाणी बाहेर गेलं पाहिजे. मग बाहेरून शक्य असेल तिथे पाईपने दहा मिनिटं पाणी मारा, खालून सुरुवात करून वर जा. कुठल्या उंचीवर गळती सुरू झाली ते कळतं. याचा छोटा व्हिडिओ काढून ग्राहकाला पाठवा. तुमची सगळ्यात चांगली जाहिरात हीच.

## ८. कोटेशन: बाजारभावाने नाही, हिशोबाने

आता वही उघडा. खालचे आकडे फक्त शिकण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा. खिडकी ५ फूट × ४ फूट, म्हणजे २० चौरस फूट.

सेक्शन: ४,२०० रुपये
काच, दोन झडपा: १,८००
जाळीची झडप: ९००
बेअरिंग, लॉक, ब्रश, गॅसकेट, स्क्रू: १,०००
सिलिकॉन आणि फोम: ५००
सामान: ८,४००

बनवण्याची मजुरी: १,०००
जुनी काढणे, नवी बसवणे: १,४००
वाहतूक आणि चढवणी: ५००
राडारोडा: ३००
गवंडीकाम: ८००
काम: ४,०००

दोन्ही मिळून १२,४००. त्यावर परत जावं लागलं तर म्हणून ५ टक्के, म्हणजे ६२०. झाले १३,०२०. दुकानाचं भाडं, वीज, फोन, तुमचा पेट्रोलचा खर्च यातला या खिडकीचा वाटा १,२०० धरा. झाले १४,२२०. त्यावर १५ टक्के नफा २,१३३. एकूण १६,३५३. चौरस फुटाला साधारण ८१८ रुपये.

आता समजा बाजारात कोणीतरी ६५० सांगतोय म्हणून तुम्हीही ६५० सांगितलं. २० फुटांचे १३,०००. म्हणजे परत जायची वेळ आली तर दुकानाचं भाडं घरून भरा आणि वर वीस रुपये आणखी घाला! महिनाभर धावपळ, गल्ल्यात पैसे फिरताना दिसतात, आणि वर्षाच्या शेवटी काहीच उरत नाही. असे किती तरी जण मला ट्रेनिंगला भेटतात.

आणखी एक हिशोब बघा. एका झडपेची काच चुकली: ९००. ती बदलायला दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी १,००० आणि गाडी ३००. एकूण २,२००. तुमचा पूर्ण खिडकीचा नफा किती होता? २,१३३. एक चुकीचं माप आणि खिडकी फुकट बसवून दिली.

अजून एक: खर्चावर १५ टक्के म्हणजे विक्रीवर १५ टक्के नव्हे. १६,३५३ मध्ये २,१३३ म्हणजे साधारण १३ टक्केच. ग्राहकाने "दहा टक्के कमी करा" म्हटलं तर १,६३५ गेले आणि उरले ४९८. घासाघीस करताना हा आकडा डोक्यात हवा. भाव कमी करायचाच असेल तर वस्तू कमी करा: जाळीची झडप नको, साधी काच चालेल, राडारोडा ग्राहकाचा. पण सिलिकॉन, स्क्रू आणि ढाळ यात कधीच कपात नाही.

## ९. लेखी ठेवा

कोटेशनवर सेक्शनची जाडी, काचेचा प्रकार आणि जाडी, जाळी, रंग, गवंडीकाम धरलं आहे की नाही, जीएसटी धरला आहे की वेगळा, हे सगळं लिहा. खिडकी बनवून घरात बसवून देणं हे जीएसटीत सेवा म्हणून धरलं जातं, आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. तुमचं काम कुठे बसतं ते सुरुवातीलाच सीएंकडून समजून घ्या.

पैशांचे टप्पे मी असे ठेवतो: ऑर्डरच्या वेळी ५० टक्के, माल घरी पोचल्यावर ४० टक्के, पाण्याची परीक्षा झाल्यावर १० टक्के. खिडकी एकाच घराच्या मापाची असते, दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून ॲडव्हान्सशिवाय सेक्शन कापायचा नाही. आणि शेवटचे १० टक्के पाण्याच्या परीक्षेनंतर ठेवले की ग्राहकाचा विश्वास बसतो.

बसवण्याच्या दिवशी हातमोजे, बाहेर वाकून काम असेल तर सेफ्टी बेल्ट, खाली एक माणूस उभा. यावर घासाघीस नाही. तुमच्याकडे काम करणारा मुलगा संध्याकाळी घरी गेला पाहिजे.

वर्षाचं नियोजनही करा. ऑक्टोबर ते मे बदलण्याची कामं. ग्राहकाला रंगकाम करायचं असेल तर आधी खिडकी, मग रंग. जून ते सप्टेंबर बेअरिंग, ब्रश, निचऱ्याची छिद्रं साफ करणं अशी सर्व्हिसची कामं घ्या. छोटी रक्कम, पण रोख, आणि पुढच्या मोसमाच्या ऑर्डर तिथूनच मिळतात.

## या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या घरातल्या एका खिडकीची आठ मापं घ्या. कर्णात किती फरक आला ते लिहा.
२. खिडकीच्या कडप्प्यावर मगभर पाणी ओता. कुठे गेलं?
३. तुमच्या गावातल्या एका काचवाल्याकडून आणि एका सेक्शनवाल्याकडून भाव घेऊन वरचं कोटेशन पुन्हा बनवा.
४. त्यात "परत जायचा खर्च" टाकला आहे का ते तपासा.

डोंबिवलीच्या त्या काकूंकडे पुढच्या पावसाळ्यात मी स्वतःहून गेलो, न बोलावता. खिडकी कोरडी होती. त्यांनी काही म्हटलं नाही, चहा मात्र टाकला. त्यानंतर वर्षभराने त्यांच्या बहिणीच्या घरच्या सात खिडक्यांचं काम आलं. त्या वेळी मी पहिल्यांदा मग मागितला, टेप नंतर काढली.

पुढच्या भागात याच कामाचं जॉबकार्ड कसं बनवायचं ते बघू. तोपर्यंत गृहपाठ करा, आकडे कमेंटमध्ये लिहा. कामाला लागा!